डाव्या पायाची किंमत

वजनकाट्याच्या पारड्याखाली चिंचेचा गोळा चिकटवणारा वाणी पकडणे सोपे असते. मापाच्या तळाला ठोकून आत वर आणलेला पत्राही बोटांना लागतो. मध्य प्रदेश शासनाच्या नापतौल खात्यात एकतीस वर्षे नोकरी केल्यावर अशा लबाड्यांची नावनिशी मला पाठ झाली आहे. ज्या व्यवहाराविषयी येथे लिहावयाचे आहे त्यात मात्र काटा खरा आहे, माप खरे आहे, खोक्यावर छापलेले अक्षर न् अक्षर खरे आहे. आणि तरीही तो व्यवहार ग्राहकाला नागवणारा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. माल अमेरिकेतला आहे आणि तोही खेळण्यांचा, हे वाचून निम्मे वाचक पान उलटतील याची मला कल्पना आहे. त्यांना विनंती एवढीच, की ज्यांची मुले-नातवंडे तिकडे आहेत त्यांनी तरी थोडे थांबावे. इंदूर-ग्वाल्हेरच्या जुन्या मराठी घरांत अशी घरे आता थोडीथोडकी नाहीत.

अमेरिकेत चित्रकथांतील वीरांचे, म्हणजे स्पायडर-मॅन, कॅप्टन अमेरिका, वुल्व्हरीन वगैरे मंडळींचे, वीतभर उंचीचे आणि सांधे हलणारे प्लास्टिकचे बाहुले विकण्याचा मोठा धंदा आहे. त्यांना तिकडे ‘अ‍ॅक्शन फिगर’ म्हणतात. ‘बाहुली’ हा शब्द त्या धंद्यात कोणालाच नको असतो, आणि त्याला पौरुषाच्या कल्पनेखेरीज जकातीचेही कारण होते. बाहुल्यांवर १२ टक्के आयातजकात होती आणि इतर खेळण्यांवर ६.८ टक्के. तेव्हा टॉय बिझ या कंपनीने ‘आमचे एक्स-मेन ही माणसे नव्हेत, सबब त्या बाहुल्या नव्हेत’ असा वाद अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयात घातला आणि २००३ साली तो जिंकला. ज्या चित्रकथेत हेच एक्स-मेन ‘आम्हालाही माणसांत धरा’ म्हणून वर्षानुवर्षे झगडत आले, त्यांच्याच मूर्ती विकणाऱ्यांनी ५.२ टक्क्यांसाठी त्यांचे माणूसपण नाकारावे! जकातीच्या नस्त्या वाचणे कंटाळवाणे असते असे म्हणणाऱ्यांनी हा निकाल जरूर वाचावा.

याच टॉय बिझने २००५ साली ‘मार्व्हल लेजंड्स’ या मालिकेच्या नवव्या हप्त्यात एक नवी युक्ती आणली. गॅलॅक्टस नावाचे एक पात्र आहे. स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी १९६६ साली ‘फँटॅस्टिक फोर’च्या ४८व्या अंकात आणलेला हा महाकाय पुरुष ग्रहच्या ग्रह गिळून आपली भूक भागवतो. सहा इंची बाहुल्यांच्या रांगेत शोभावा म्हणून त्याचा पुतळा चांगला सुमारे सोळा इंचांचा केलेला होता. तो सबंध विकला असता तर महाग पडला असता आणि दुकानदाराने ठेवून घेतला नसता. म्हणून कंपनीने त्याचे तुकडे केले. डॉक्टर स्ट्रेंजच्या खोक्यात एक अवयव, नाइटक्रॉलरच्या खोक्यात दुसरा, बुल्सआयच्या खोक्यात तिसरा, असे करत त्या हप्त्यातील सर्व बाहुल्यांत एकच देह वाटून टाकला. सर्व खोकी घेतली तर गॅलॅक्टस उभा राहतो; एक राहिले तर तो लंगडा, थोटा किंवा शिरविरहित. या पद्धतीला ‘बिल्ड-अ-फिगर’ म्हणतात. युक्ती इतकी चालली की त्याच वर्षी पुढच्या हप्त्यात सेंटिनल नावाचा यंत्रमानव आला, मग अपोकॅलिप्स, ऑनस्लॉट, मोजो यांची रांग लागली. २००६ साली जायंट-मॅन नावाचा वीर तर दहा बाहुल्यांत वाटला गेला, आणि ते दहाही बाहुले वॉलमार्ट या एकाच साखळीच्या दुकानांत ठेवले गेले. २००७पासून हा परवाना हास्ब्रोकडे गेला, तिनेही प्रथा पुढे चालवली. २००८मध्ये मॅटेलने प्रतिस्पर्धी डीसी चित्रकथांच्या बाहुल्यांना हीच पद्धत ‘कलेक्ट अँड कनेक्ट’ या नावाने लावली.

आपल्याला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. चंडकौशिक ऋषींनी दिलेला एक आंबा बृहद्रथ राजाच्या दोन राण्यांनी अर्धा-अर्धा खाल्ला, दोघींना अर्धे-अर्धे मूल झाले, आणि चव्हाट्यावर टाकलेल्या त्या दोन शकलांना जरा राक्षसीने एकत्र आणताच जरासंध सजीव झाला. फरक इतकाच, की जरेने जोडणीबद्दल काही मागितले नाही. उलट पूर्ण झालेले मूल नेऊन राजाच्या हाती दिले. महाभारतातल्या राक्षसीकडून जी अपेक्षा पुरी झाली ती खेळण्यांच्या कारखानदाराकडून होऊ नये, हा माझा आक्षेप आहे.

तथापि कारखानदाराकडे वळण्यापूर्वी आपल्यातल्याच एका पक्षाचा समाचार घेणे भाग आहे. मुलांच्या वाचनावर आमच्या मंडळात एकदा चर्चा झाली तेव्हा हा विषय निघाला, आणि दोन-तीन ज्येष्ठ सभासदांनी त्यावर यथेच्छ हसून घेतले. चाळिशीचे बाप्ये प्लास्टिकचे पाय गोळा करतात, ही त्या सर्वांच्या मते पाश्चात्त्यांच्या पोरकटपणाची परमावधी होती. मला त्या हसण्याची चीड आली. हसणाऱ्यांपैकी एकजण ‘सत्यकथे’चे अंक जमवतात. १९८२ साली बंद पडलेल्या त्या मासिकाचे हाती न लागलेले अंक मिळवण्यासाठी त्यांनी पुण्याच्या रद्दीवाल्यांना किती पत्रे लिहिली, पदरचे किती पैसे टपालात घातले, हे त्यांच्याच तोंडून आम्ही ऐकलेले आहे. दुसऱ्यांच्या घरी आजोबांच्या वेळच्या चांदीच्या वाट्यांच्या संचातली एक वाटी वाटण्यांत गेली, ती परत मिळवण्यासाठी भावाभावांत सात वर्षे अबोला होता. पूर्ण संचाची ओढ ही पोरकट ओढ नव्हे. महाराष्ट्रापासून दूर राहिलेल्या आपल्या घरांना तर ती अधिकच ठाऊक असावी. चार पिढ्या आपण कुळाचे कागद, देवघरातले टाक आणि पोथ्यांची सुटी पाने जुळवण्यातच घालवल्या आहेत. ज्याला पोथीचे हरवलेले पान झोपू देत नाही त्याने डाव्या पायासाठी तळमळणाऱ्याला हसू नये. वस्तू हलकी असेल, तळमळ तीच आहे.

आणि ही तळमळ तीच आहे म्हणूनच तिच्यावर दर लावणारा मला अधिक दोषी वाटतो.

आमचे चिरंजीव २००८ साली शिक्षणासाठी अमेरिकेत गेले, न्यू जर्सीत स्थिरावले. लहानपणी इंदूरला त्याने इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ वाचला. तिकडे गेल्यावर त्याची जागा मार्व्हलच्या वीरांनी घेतली. अभियंता आहे, दोन मुलींचा बाप आहे, घराचे हप्ते वेळेवर भरतो. दिवाणखान्यातल्या एका कपाटात त्याने हे बाहुले ओळीने मांडलेले आहेत. आम्ही उभयता त्याच्याकडे राहावयास गेलो तेव्हा त्या ओळीच्या मागे एक मोठे धड भिंतीला टेकवून ठेवलेले दिसले. डोके होते, दोन्ही हात होते, उजवा पाय होता. ‘डावा कुठे गेला?’ असे मी विचारले, तर म्हणाला, ‘बाबा, तो सहाव्या डब्यात आहे, आणि तो डबा इकडे आलाच नाही.’ नंतर त्याने मला सगळा हिशेब समजावून सांगितला, आणि एकतीस वर्षे बाजार तपासलेला मी गप्प झालो.

हिशेब असा. त्या वर्षांत एका बाहुल्याची किंमत सुमारे २० डॉलर होती. (२०२२च्या सुमारास ती २५च्या आसपास गेली.) सहा खोक्यांचे १२० डॉलर. सहापैकी खरोखर हवी असलेली पात्रे दोन. उरलेल्या चारांपैकी तीन त्याने अवयवांसाठी घेतली. म्हणजे ४० डॉलरचा माल हवा असलेल्या माणसाने १०० डॉलर खर्चले, आणि तरीही मूर्ती उभी राहीना. सहावे पात्र इतके अप्रसिद्ध की त्याच्या गावच्या दुकानदारांनी तो हप्ता पुन्हा मागवलाच नाही. बाहेरच्या पुनर्विक्रेत्याकडे तेच खोके तिप्पट भावाने होते. पाच खोकी घेऊन झालेल्या माणसाला सहाव्याची जी किंमत वाटते ती पहिल्याची कधीच वाटत नाही. पहिल्याच्या वेळी तो ‘नको’ म्हणून निघून जाऊ शकतो. सहाव्याच्या वेळी त्याचेच शंभर डॉलर कपाटातून त्याच्याकडे पाहत असतात.

मालाच्या घाऊक पेट्यांची रचना पाहिली की ही गोष्ट योगायोगाची राहत नाही. हास्ब्रोच्या एका पेटीत बहुधा आठ खोकी येत, आणि हप्त्यात पात्रे सहा किंवा सात. म्हणजे एखाद-दोन पात्रे पेटीत दोनदा, बाकीची एकेकदाच. दुकानात पेटी फुटली की ज्याला आधी पोचता आले त्याने एकुलते खोके उचलावे. जे दोनदा आलेले असते ते खुंटीवर लोंबत राहते, आणि ते संपल्याखेरीज दुकानदार नवी पेटी मागवत नाही. एका पेटीतून, गणिताने पाहिले तर, एकच देह पूर्ण होऊ शकतो. दुसरा ग्राहक जन्मतःच अपंग मूर्तीचा धनी. संचातले सर्व भाग लागतात हे ज्याला ठाऊक आहे, कारण संच त्यानेच पाडला, तो भागांची संख्या विषम ठेवतो तेव्हा त्याला निष्काळजी म्हणावे की हिशेबी?

न खपणाऱ्या पात्रात नेमका अवयव घातला की ते पात्र खपते, ही या युक्तीची खरी मेख आहे. अप्रसिद्ध पात्रांचेही बाहुले निघाले, ते या पद्धतीमुळेच, असे तिचे समर्थक सांगतात. आणि ते खोटे नाही. चित्रकथांच्या जाणकारांना एरवी कधी न मिळती अशी पात्रे त्यामुळे मिळाली. पण मग तसे सांगा. ‘हे पात्र कोणी घेत नाही, तुम्ही घेतलेत तर उपकार होतील’ असे म्हणा. त्याच्या हातात दुसऱ्याचा पाय देऊन उभे करू नका.

हा दोष बाहुल्यांपुरता नाही. ज्या चित्रकथांच्या पोटी हे बाहुले जन्मले त्यांनीच ही विद्या आधी शिकून ठेवली होती. १९९१ साली मार्व्हलने ‘एक्स-मेन’ची नवी मालिका काढली. लेखक क्रिस क्लेअरमाँट, चित्रकार जिम ली. पहिल्या अंकाची मुखपृष्ठे पाच केली. आतला मजकूर तोच, कथा तीच. पण चार मुखपृष्ठे एकमेकांशेजारी ठेवली की एक सलग चित्र होत असे, आणि पाचव्यावर ते सबंध चित्र उलगडत असे. त्या अंकाच्या ऐंशी लाखांहून अधिक प्रती गेल्या. वाचक ऐंशी लाख नव्हते, हे सांगायला नकोच. तीच कथा पाचदा विकत घेणारे संग्राहक होते, आणि उद्या भाव येईल म्हणून गठ्ठे बांधून ठेवणारे सट्टेबाज होते. उद्या भाव आला नाही. ज्या वस्तूच्या लाखो प्रती जपून ठेवलेल्या आहेत तिला भाव येत नसतो. बाजार कोसळला, चित्रकथांची दुकाने बंद पडली, आणि १९९६च्या डिसेंबरात खुद्द मार्व्हलनेच दिवाळखोरीचा अर्ज केला. त्या दिवाळखोरीला कर्जे आणि भलत्या खरेद्याही कारण होत्या, सारे खापर मुखपृष्ठांवर फोडणे अन्यायाचे होईल. पण तुकडे विकण्याच्या सवयीने वाचक विटला होता, हेही तितकेच खरे. १९९८ साली मार्व्हलला आपल्यात विलीन करून घेणारी कंपनी होती टॉय बिझ. आणि सात वर्षांनी तिने काय केले? चित्राऐवजी देह कापला.

आता ‘सक्ती कोणी केली?’ या प्रश्नाकडे येतो. हा प्रश्न मला नवा नाही. दर तपासणीत हा प्रश्न विचारला जाई. १९८०च्या दशकात गॅसची जोडणी हवी असेल तर शेगडी आमच्याकडचीच घ्या, असे सांगणारे वितरक होते. रेशनच्या दुकानात साखरेबरोबर चहाची पुडी गळ्यात बांधणारे होते. तेही हेच विचारत: ‘साहेब, सक्ती कोणी केली? नको तर नेऊ नका.’ आपल्या कायद्याने या उत्तराला उत्तर दिलेले आहे. एक वस्तू मिळवण्यासाठी दुसरी घेण्याची अट घालणे ही प्रतिबंधक व्यापारी प्रथा ठरते, आणि ज्याची किंमत व्यवहारात अंशतः वा पूर्णतः वसूल केलेली आहे ते फुकट दिल्याचा आभास निर्माण करणे ही अनुचित प्रथा ठरते. हे दुसरे तत्त्व १९८४च्या दुरुस्तीने एमआरटीपी कायद्यात आले आणि २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही कायम आहे. आपला कायदा न्यू जर्सीच्या दुकानाला लागू नाही हे मला कळते. कंपनी अवयव ‘फुकट’ म्हणत नाही, खोक्याच्या मागे कोणत्या बाहुल्याबरोबर काय आहे याचे चित्रही छापते, हेही मान्य. माझ्या खात्यातला कोणताही निरीक्षक त्या खोक्यावर गुन्हा नोंदवू शकला नसता. पण कायद्याच्या मागचे तारतम्य सीमेवर संपत नाही. डावा पाय एकटा विकत मिळत नाही. तो हवा असेल तर नको असलेला सबंध बाहुला घ्यावा लागतो. याला जोडविक्री म्हणत नाहीत तर काय म्हणतात?

दुसरा बचाव असा केला जातो, की अवयवाची वेगळी किंमत लावलेलीच नाही. हास्ब्रोने अवयवाविना जे बाहुले जुन्या धर्तीच्या कार्डावर लावून विकले त्यांचीही किंमत जवळपास तीच होती. हा युक्तिवाद करणाऱ्यांना आपण काय बोलतो आहोत याचे भान नसावे. अवयवाने किंमत वाढत नसेल तर त्याचे प्लास्टिक कंपनीला जड नाही. मग तो सुटा विकायला अडचण कोणती? अडचण एकच दिसते: सुटा पाय मिळू लागला तर नको असलेली चार खोकी कोणी उचलणार नाही.

या पद्धतीने ग्राहकाच्या नियतीचेही काय केले ते पाहावे. दुकानातून खोके आणायचे, नाजूक हाताने उघडायचे, अवयव काढून घ्यायचा, बाहुल्याच्या जागी घरातले एखादे मोडके खेळणे बसवायचे आणि ‘पसंत नाही’ म्हणून पैसे परत घ्यायचे, असा उद्योग तिकडे इतका रूढ झाला की संग्राहकांत तो थट्टेचा विषय आहे. आमच्या चिरंजीवाने एका मोठ्या दुकानातून घेतलेल्या खोक्यात असाच एक पंधरा वर्षांचा जुना, रंग उडालेला बाहुला निघाला. अवयवाची जागा रिकामी. दुकानाने पैसे परत केले, पाय मात्र कोणी दिला नाही. त्यातच हास्ब्रोने पर्यावरणाचा विचार म्हणून २०२२च्या सुमारास खोक्यांच्या प्लास्टिकच्या खिडक्या काढून टाकल्या आणि सगळीकडून बंद पुठ्ठ्याची खोकी आणली. प्लास्टिकचा बाहुला, प्लास्टिकचा पाय आणि पर्यावरणासाठी खिडकी नाही! आत काय आहे हे घेणाऱ्याला दिसेना, दुकानदारालाही दिसेना. २०२३ साली कंपनीने खिडक्या परत आणण्याचे जाहीर केले. आवेष्टित वस्तूंच्या नियमांवर आयुष्य घालवलेल्या माणसाला यात नवल वाटले ते एवढेच, की हे कळायला वर्ष लागले.

देह जोडण्याची कल्पनाच वाईट, असे मी म्हणत नाही. ती चांगल्या रीतीनेही करता येते, आणि याच हास्ब्रोने ती करून दाखवली आहे. १९८५ साली तिने ‘ट्रान्सफॉर्मर्स’ मालिकेत बांधकामाच्या सहा यंत्रांचा एक गट काढला. प्रत्येक यंत्र आपल्या जागी पूर्ण: ते वाहनही होते आणि त्याचा स्वतंत्र यंत्रमानवही होई. सहाही जोडले की डेव्हास्टेटर नावाचा महाकाय उभा राही. एकच यंत्र घेणाऱ्या गरीब घरच्या मुलाच्या हातात खेळणे आले, अवयव आला नाही. त्या मुलाला सहावे नाही मिळाले तरी पाच यंत्रे राहतात. चिरंजीवाच्या कपाटात मात्र पाच डब्यांनंतर एक प्रेत राहिले.

आपल्याकडचे उदाहरण हवे असेल तर केतकरांचे घ्या. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चे २३ विभाग वर्गणीदारांच्या जिवावर काढले. लोकांकडून आगाऊ पैसे घेतले, खंड हप्त्याहप्त्याने दिले. अकारविल्हे विभागांना त्यांनी ‘शरीरखंड’ असेच नाव दिले होते, हा एक गमतीचा योग. पण ज्याच्या घरी फक्त ‘वेदविद्या’ हा खंड पोचला त्याच्या हातात वेदविद्येचा सबंध ग्रंथ होता. ज्याला पुढचे खंड घेता आले नाहीत त्याचे आधीचे खंड मुके झाले नाहीत. आणि खंड विकायचा म्हणून केतकरांनी त्याबरोबर कोणाला पंचांग घ्यायला लावले नाही.

वर्गणीदारांचा हा मार्ग हास्ब्रोला ठाऊक नाही असे नाही. २०२० साली तिने सव्वीस इंची सेंटिनल ३५० डॉलरला जाहीर केला: सहा हजार मागण्या आल्या तर बनवू, नाहीतर कोणाचे पैसे घेणार नाही. वीस हजारांहून अधिक लोकांनी मागणी नोंदवली. २०२१ साली गॅलॅक्टसची पाळी आली. बत्तीस इंच, ४०० डॉलर, अट चौदा हजारांची, आणि मागण्या तीस हजारांवर गेल्या. मागण्यांचा आकडा वाढेल तशी जादा पात्रे व जादा मुखवटे देण्याचे आमिष तिथेही होतेच, सवय जात नाही. ४०० डॉलरचा पुतळा हा शहाणपणाचा खर्च आहे असेही मी म्हणणार नाही. पण वस्तू सबंध होती, किंमत एकदाच सांगितलेली होती, आणि घ्यायचे की नाही हे माणूस पहिल्याच दिवशी ठरवू शकत होता. ज्याचे तुकडे केल्यावाचून खपणार नाही असे २००५ साली वाटले होते, त्याच गॅलॅक्टसला सबंध घेणारे तीस हजार लोक निघाले.

तुकडेच विकावयाचे असतील तर त्यालाही रीत आहे. इटलीतील मोदेना येथील पानिनी ही कंपनी १९६१पासून फुटबॉलपटूंच्या चित्रांची पाकिटे विकते. पाकिटात कोणते चित्र निघेल हे नशिबावर. त्या अर्थी ती पद्धत बाहुल्यांपेक्षाही जुगाराच्या जवळची. पण पुस्तक भरत आले आणि थोडी चित्रे राहिली, तर ती क्रमांक कळवून खुद्द कंपनीकडून ठरलेल्या दराने मागवता येतात. संग्राहकाची तडफड कुठवर ताणायची याची एक मर्यादा त्या इटालियन माणसांनी आखून घेतली आहे.

माझे मागणे याहून जास्त नाही. हप्ता बाजारात येऊन वर्ष झाले की त्यातील अवयव सुटे विकावेत. पेटीत प्रत्येक पात्राची संख्या सारखी असावी. जो अवयव नसेल तर देह उभा राहत नाही तो एकाच साखळीच्या दुकानांत कोंडून ठेवू नये. संग्राहकांनी आपल्यापुरती यातली पहिली सोय केव्हाच केली आहे: कोणाकडे दोन उजवे हात झाले, कोणाकडे धड जादा आहे, ते एकमेकांना पत्ते कळवतात आणि टपालाने देवघेव करतात. आमच्या चिरंजीवाचा डावा पाय अखेर तसाच आला, ओहायोतल्या कोणा अनोळखी गृहस्थाकडून, टपालखर्च धरून २१ डॉलरला. एका सबंध बाहुल्याहूनही एक डॉलर अधिक. पण त्या गृहस्थाने खोक्यात कागदाचे बोळे भरून, पायाच्या सांध्याला मऊ कापड गुंडाळून तो पाठवला होता, आणि सोबत सांधा कोमट पाण्यात धरला तर सहज बसतो अशी चिठ्ठी घातली होती. हास्ब्रोचे स्वतःचे विक्रीकेंद्र आहे, गिऱ्हाइकांचे पत्ते तिच्याकडे आहेत, पायाचा साचा तिच्याच हाती आहे. ओहायोतल्या एका माणसाला आपल्या स्वयंपाकघरातल्या मेजावर जे जमले, ते तिला का जमू नये?